ब्रेक आणि टायर : गाडीत बसणाऱ्या प्रत्येकीला कळावं असं



आज आपण गाडीच्या दोनच गोष्टींबद्दल बोलणार आहोत, ब्रेक आणि टायर. कुणी म्हणेल, "आम्हाला कुठे गाडी चालवायची आहे?" पण जरा आठवून बघा. गटाची भाजी मांजरीच्या उपबाजारात न्यायची तर गाडी लागते. लेकीचे दिवस भरले की गाडी लागते. लग्नाला, देवाला, शिबिराला जायचं तरी गाडी. चालवणारा एक असतो आणि बसणाऱ्या आपण सहा-सात जणी असतो. ब्रेक लागला नाही तर तो एकट्या चालकाला लागला नाही असं होत नाही. आणि आता तर आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः स्टेअरिंगवर बसतात.

वाघोलीच्या आणि आसपासच्या सख्यांना हे वेगळं सांगायला नको. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, पण आपला रोजचा रस्ता नगर रस्ताच राहिला. पुढे लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूरकडे कारखान्यांची वाहतूक आणि जवळच्या दगडखाणींवरून खडी वाहणारे डंपर, सगळं याच रस्त्यावर. केसनंद फाट्याच्या गर्दीत दहा-दहा पावलांवर ब्रेक दाबावा लागतो, म्हणून ब्रेक लवकर झिजतो. सांडलेली खडी आणि रस्त्याच्या तुटक्या कडा टायर कापतात. म्हणजे आपल्याकडच्या गाडीला या दोन गोष्टींची काळजी जास्तच घ्यावी लागते.

आमचं सांगणं एकच आहे. ब्रेक आणि टायर बहुतेक वेळा अचानक जात नाहीत. आधी बरेच दिवस ते सांगत असतात. आवाजानं सांगतात, वासानं सांगतात, पायाखालच्या पेडलनं आणि हातातल्या स्टेअरिंगनं सांगतात. ते ओळखायला मेकॅनिक व्हावं लागत नाही. दुरुस्ती गॅरेजवाल्यानं करावी, पण "ही गाडी आता पुढे न्यायची नाही" एवढं आपल्याला कळलं पाहिजे आणि बोलता आलं पाहिजे.

पाय दाबला की गाडी थांबते कशी?

दोन पिचकाऱ्या एका नळीनं जोडल्या आहेत आणि आत पाणी भरलं आहे असं समजा. एकीचा दट्ट्या आत दाबला की दुसरीचा बाहेर येतो. गाडीत पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल असतं. पायाखालच्या पेडलनं पहिला दट्ट्या दाबला जातो, दुसरा चाकापाशी असतो. पुढच्या चाकात लोखंडी तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड आवळतात आणि चाक थांबतं. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम असतो. त्याच्या आत लायनर असतात, ते फाकून ड्रमला घासतात. हँडब्रेक मात्र बहुतेक गाड्यांत तारेनं चालतो आणि मागच्या चाकांना धरतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

यावरून बिघाड कुठे होऊ शकतो हे कळतं. पॅड किंवा लायनर घासून संपतात. तेल गळतं, किंवा नळीत हवा शिरते. नाहीतर दट्ट्या अडकून बसतो आणि पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. आता एकेक लक्षण बघू.

ब्रेक काय सांगतो?

ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्री लावलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि आवाज करते. ती आपल्याला सावध करायलाच ठेवलेली असते. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा ब्रेक सकाळी दोन-चार वेळा वाजला आणि मग गप्प झाला, तर काळजी नाही, तो वरचा गंज होता. रोजच वाजत असेल तर त्याच आठवड्यात चाक उघडून बघायला सांगा.

खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. पॅड संपला आणि मागची पट्टी डिस्कला खाते आहे. गाडी तिथेच थांबवायची. आता पॅडबरोबर डिस्कही खराब होते, म्हणजे खर्च वाढतो. आणि ब्रेक कधी धरणार नाही याचा भरवसा राहत नाही.

पेडल मऊ लागतं, गादीवर पाय दिल्यासारखं. नळीत हवा शिरली आहे. तेल दाबलं जात नाही, पण हवा दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि जोर चाकापर्यंत पोचत नाही. गॅरेजमध्ये हवा काढून देतात. पण हवा शिरली कुठून, हेही विचारायचं.

पेडल हळूहळू खाली जात राहतं. तेल गळतंय, किंवा मास्टर सिलिंडर आतून गेलाय. याची परीक्षा घरच्या अंगणात होते. गाडी बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर चांगलं, ब्रेकला जोर देणारा बूस्टर काम करतोय. मग मिनिटभर पाय तसाच ठेवा. पेडल एका जागी टिकलं तर ठीक. बुडत बुडत तळाला गेलं तर गाडी हलवू नका, गॅरेजवाल्याला घरी बोलवा.

गाडी सुरू असूनही पेडल दगडासारखं कडक. बूस्टर किंवा त्याची नळी गेली आहे. ब्रेक लागतो, पण पायाला खूप जोर लावावा लागतो. हीसुद्धा गाडी बाहेर काढायची नाही.

ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. आधी चारही टायरची हवा बघा, कारण एका बाजूला हवा कमी असली तरी असंच होतं. हवा बरोबर असेल तर एका चाकाचा ब्रेक धरतोय आणि दुसऱ्याचा नाही.

ब्रेक दाबला की पेडल आणि स्टेअरिंग थरथरतं. डिस्क एकसारखी राहिलेली नाही. मात्र ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल, तर बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग करायचं असतं. या दोन थरथरी वेगळ्या आहेत. गॅरेजवर नीट फरक करून सांगितलं तर नको तो खर्च वाचतो.

जळका वास येतो, एक चाक तापलेलं असतं. हँडब्रेक सोडायचा राहिला असेल, नाहीतर ब्रेक अडकला असेल. गाडी कडेला घ्या आणि थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तिला तडा जाऊ शकतो.

आणि समोर लागणारा लाल दिवा. हँडब्रेक सोडल्यावरही लाल दिवा विझला नाही, तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. बॉनेट उघडलं की, बहुतेक गाड्यांत चालकाच्या बाजूला, एक लहान पांढरट डबी दिसते. तिच्यावर खाली-वर दोन रेघा असतात. तेल त्या दोन रेघांच्या मधे पाहिजे. कमी दिसलं तर नुसतं भरून भागत नाही. हे तेल जळून संपत नाही. एक तर पॅड झिजले म्हणून पातळी उतरली, नाहीतर कुठेतरी गळती आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, तेही बघा. आणि या डबीत ब्रेक ऑइलशिवाय दुसरं काहीही ओतायचं नाही. इंजिन ऑइल पडलं तर आतली रबरं फुगतात आणि सगळा ब्रेक निकामी होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं.

एबीएसचा पिवळा दिवा वेगळा. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक मारला तर चाकं एकदम अडकून गाडी घसरू नये, म्हणून ते असतं. तो पिवळा दिवा एकटाच लागला तर साधा ब्रेक चालू असतो, पण ओल्या रस्त्यावर जपून चालवा आणि लवकर दाखवून घ्या. लाल आणि पिवळा दोन्ही लागले तर थांबा.

टायर काय सांगतो?

ब्रेक चाक थांबवतो, पण रस्त्याला धरून गाडी थांबवतो तो टायर. नवे पॅड टाकले आणि टायर गोटा झालेला असेल, तर पावसात गाडी घसरणारच. टायरवरच्या खाचा शोभेच्या नसतात. ओल्या रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतून बाहेर निघतं आणि रबर रस्त्याला टेकतं. खाच संपली की टायर पाण्यावर तरंगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. दुचाकी-तीनचाकीला ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. मोजायला पट्टी लागत नाही. खाचेच्या तळाशी मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर घासत घासत त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला, की टायर संपला. हात फिरवला की कळतं.

टायर कुठे घासलाय, यावरून कारणही कळतं. दोन्ही कडा घासल्या आणि मधे खाच शिल्लक असेल, तर हवा कमी ठेवून गाडी चालवली आहे. मधला भाग घासला तर हवा जास्त होती. एकाच बाजूची कड गेली तर अलाइनमेंट बिघडलंय. ते न करता नवा टायर टाकला तर तोही तसाच जाईल. जागोजागी खड्डे पडल्यासारखा घासला असेल तर बॅलन्सिंग आणि शॉकअप तपासा.

टायरच्या बाजूवर फुगा आला असेल, किंवा खडीनं, दगडानं चिरलं असेल, तर तो टायर काढायचाच. आतले धागे तुटलेले असतात. बाजूवरचं पंक्चर टिकत नाही, ते काढून घेऊच नका. वापरलेली गाडी घेताना टायरचं वयही बघा. बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असं असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. खाचा चांगल्या दिसल्या तरी जुनं रबर कडक होतं आणि त्याला बारीक भेगा पडतात.

आता हवेबद्दल. हवा किती भरायची हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. पंपावर "बत्तीस हवा" म्हणतात तो हाच आकडा, लहान गाड्यांत बहुधा तीस ते पस्तीसच्या आसपास. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तोही बघा. हवा गाडी थंड असताना तपासायची, पंधरा दिवसांतून एकदा, आणि लांब जायचं तर निघण्याआधी. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, मागायला लाजू नका. नायट्रोजन भरला नाही म्हणून काही बिघडत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून काही जण हवा कमी ठेवतात. होतं उलटंच. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, त्यातून उष्णता होते, आणि वेग आणि ओझं वाढलं की टायर फुटतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तिथे अपघात वाढले, तेव्हा परिवहन विभागानं गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्यांना रस्त्यावर येण्यापासून अडवलं. नाक्यावर कुणी तपासेल याची वाट कशाला बघायची? आपण अंगणातच तपासू.

स्टेपनी बदलायची वेळ आली तर

टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा टिकून असेल, तर खिळा उपटू नका. ट्यूबलेस टायर असेल तर सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जा. हवा पूर्ण गेली असेल तर त्यावर गाडी चालवू नका, टायर आतून चुरडतो.

गाडी सपाट, कठीण जागेवर, रहदारीपासून दूर घ्या. चारही दिवे लुकलुकत ठेवा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि सगळ्यांना खाली उतरवा. दुसऱ्या बाजूच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. हाताला जोर नसेल तर पान्यावर पायानं भार द्या. मग जॅक लावा, तोही गाडीच्या पत्र्याखाली खूण केलेल्या जागीच. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात, डोकं, काही घालायचं नाही. चाक बदला, नट हातानं बसवा, गाडी खाली घ्या आणि मग समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा एकदा आवळून बघा. स्टेपनीतली हवाही महिन्यातून एकदा बघत जा. गरजेच्या वेळी तीच बसलेली निघाली तर उपयोग काय?

उतारावर, आणि ब्रेक लागलाच नाही तर

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून किंवा बंद करून सोडली की डिझेल वाचतं असं समजणारे बरेच आहेत. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका जड वाहनानं जवळपास ४८ गाड्यांना धडक दिली. आरटीओच्या प्राथमिक तपासणीत ब्रेक निकामी नव्हते, गाडी बंद करून उतारावर सोडली होती, असं समोर आलं. इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर लवकरच जोर देईनासा होतो आणि सगळा भार पायावर येतो. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणून दिवे घाट असो की दुसरा कुठला, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आपला चालक न्यूट्रल टाकताना दिसला तर मागून सांगा, "दादा, गिअरमध्ये ठेवा."

चालवताना ब्रेक लागलाच नाही, तर पेडल भराभर दाबत राहा, थोडा दाब परत मिळू शकतो. आजच्या गाड्यांत तेलाच्या दोन वेगळ्या वाटा असतात, त्यामुळे एक गेली तरी दुसरी थोडंफार काम करते. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक थोडा थोडा ओढा, एकदम नाही, नाहीतर गाडी फिरेल. हॉर्न आणि दिवे चालू ठेवून डावीकडे घ्या. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. टायर फुटला तर मात्र जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या आणि कडेला घ्या. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

भाड्याची गाडी ठरवताना

११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. आपल्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात पापळवाडीच्या सख्या पिकअपमध्ये बसून कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. चढावर गाडी मागे आली आणि खाली कोसळली. किमान दहा जणींचा जीव गेला. तो अपघात ब्रेकमुळेच झाला, असं आम्ही म्हणत नाही. पण उभा चढ आणि माल वाहायच्या गाडीत भरलेली माणसं, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. प्रत्येक गाडीचे ब्रेक आणि टायर ठरावीक ओझ्यासाठी केलेले असतात. ओझं वाढलं की थांबायला लागणारं अंतर वाढतं, टायर तापतात आणि चढावर गाडी मागे धरून ठेवायला ब्रेकला जास्त ताकद लागते. मागे बसलेल्या माणसांना तर धरायला काहीच नसतं.

म्हणून गटानं गाडी ठरवताना भाड्याबरोबर चार गोष्टी ठरवा. माणसांची गाडी हवी, मालाची नको. जितक्या जागा तितक्याच जणी. निघायच्या आधी चारही टायर आणि स्टेपनी आम्ही बघणार. आणि ब्रेकचा आवाज आला तर गाडी थांबवून दाखवायची. यात भांडण नाही. भाडं देणारीचा हा हक्क आहे. एकटीनं बोललं तर "ताई, तुम्हाला काय कळतं?" असं ऐकावं लागतं. सगळ्या जणी मिळून म्हणाल्या की चालकही ऐकतो.

गॅरेजवरही असंच बोला. "गाडी बघा" एवढंच म्हणू नका. आवाज कोणत्या चाकातून येतो, ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता, गाडी कुठल्या बाजूला ओढते, हे सांगा. पॅड बदलायचे तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे जोडीनं बदलायला सांगा. काढलेले जुने पॅड हातात घेऊन बघा आणि बिल घ्या. पॅडला पॉलिश पेपर मारून आवाज काही दिवस गप्प करता येतो, पण संपलेला पॅड त्यानं वाढत नाही.

आता एक काम. पुढच्या बैठकीच्या दिवशी कुणाच्या तरी दारातली गाडी मधे घ्या. एकीनं टायरवर हात फिरवून उंचवटे शोधायचे, एकीनं चार आकडे वाचायचे, एकीनं तेलाची डबी बघायची, एकीनं पेडल दाबून मिनिटभर धरायचं. दहा मिनिटं लागतात. काय सापडलं ते वहीत लिहा आणि ज्याची गाडी त्याला त्याच दिवशी सांगा.